कोरोचे गोल मोजायच्या आधी तो उभा कुठे होता ते बघ

तुझा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत परत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत बसणार नाही. तू म्हणतोस फेरान कोरोमिनास, म्हणजे आपला कोरो, स्पेनच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये एका सीझनला कधी दोन आकडी गोलांपर्यंत पोचला नाही, आणि 34 व्या वर्षी एफसी गोवाला आला तर तीन सीझनमध्ये आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, 57 मॅचमध्ये 48 गोल. मग एकतर आयएसएल टुकार लीग आहे नाहीतर स्पेनवाले आंधळे होते, यातलं खरं काय. आणि एकदम शेवटी, जाता जाता टाकल्यासारखं, तू लिहिलंयस की तू स्वतः 19 वर्षांचा स्ट्रायकर आहेस, यंदा कोचने तुला राइट विंगला ढकललंय, गोल आटलेत आणि दोन महिन्यांनी ट्रायल आहे.

मला विचारशील तर खरा प्रश्न हा शेवटचा आहे, कोरो नुसता निमित्त. पण निमित्त एकदम बरोबर निवडलंयस, कारण विंगला ढकललेल्या आणि सब म्हणून, म्हणजे बदली खेळाडू म्हणून, उतरवल्या जाणाऱ्या फॉरवर्डचं पुढे काय होऊ शकतं ते समजून घ्यायला कोरोएवढं चांगलं उदाहरण आपल्या बाजूला दुसरं नाही.

मी मूळचा सावंतवाडीचा, गेली वीसेक वर्षं गोव्यात पोरांना शिकवतो, बहुतेक अंडर-15 ते अंडर-19, आणि त्यातही जास्त करून फॉरवर्ड. कोरो गोव्यात होता त्या तीन सीझनमधल्या फातोर्ड्याच्या, म्हणजे गोव्याच्या घरच्या ग्राउंडवरच्या, जवळजवळ सगळ्या मॅच स्टेडियममध्ये बसून बघितल्या, त्यातही निम्मा वेळ बॉल सोडून फक्त त्याच्याकडे बघत. बायको म्हणायची तुम्ही मॅच बघायला जाता की त्या माणसावर पाळत ठेवायला. तर पुढचं जे आहे ते त्या पाळतीतून आलेलं आहे.

आधी लीगच्या दर्जाचं बोलू, कारण ते टाळलं तर तू म्हणशील गोव्याचा माणूस गोव्याची बाजू घेतोय. हो, दर्जाचा फरक आहे आणि मोठा आहे. ला लीगामध्ये, म्हणजे स्पेनच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, सेंटर बॅक (मधला डिफेंडर) तुझ्यावरची नजर हटवतो ती एखाद-दोन वेळा, तेही क्षणभर, आणि तेवढ्यातही त्याचा जोडीदार मागून झाकून घेतो. आयएसएलमध्ये त्या वर्षांत क्रॉस, म्हणजे साइडने गोलसमोर टाकलेला बॉल, यायच्या वेळी डिफेंडर सगळे बॉलकडे बघत राहायचे आणि स्ट्रायकर त्यांच्या पाठीमागून चालत चालत निघून जायचा. 15 वर्षं स्पेनमध्ये काढलेल्या माणसाला असा डिफेन्स म्हणजे कुलूप न लावलेलं घर. त्यामुळे 48 मधले काही गोल लीगच्या खात्यावर टाकायलाच पाहिजेत, मी वाद घालणार नाही.

पण मग बर्बाटोव्हचं काय करायचं? दिमितार बर्बाटोव्ह, मँचेस्टर युनायटेडकडून 2010-11 मध्ये प्रीमियर लीगचा टॉप स्कोअरर, तेवेझबरोबर वाटून. तो कोरो ज्या सीझनला आला त्याच सीझनला, 2017-18 ला, केरळा ब्लास्टर्सकडे आला. 9 मॅच, 1 गोल. वय जास्त होतं, दुखापती होत्या, सगळं मान्य, पण कोरोपण काही पोरगा नव्हता. त्याच वर्षी रॉबी कीन, आयर्लंडचा नावाजलेला स्ट्रायकर, कोलकात्याच्या एटीकेकडे होता, त्याला 6 गोल मिळाले. म्हणजे लीग तीच, डिफेंडर तेच, आणि नाव काढलं तर कोरो या दोघांच्या आसपासही नव्हता, तरी त्याचे 18 आणि बाकी दोघांचे मिळून 7. लीग सोपी आहे एवढंच कारण असतं तर हा हिशोब उलटा लागायला हवा होता ना? तेव्हा दर्जा हे कारण आहेच, पण ते एकटं पुरत नाही.

आता त्याच्या स्पेनमधल्या दिवसांकडे येऊ, कारण तुझ्या प्रश्नातली चूक तिथे आहे. तू त्याचे गोल मोजलेस, पण ते गोल कुठल्या जागेवरून केलेत ते नाही बघितलंस.

कोरोचा जन्म 5 जानेवारी 1983 चा, कॅटालोनियात जिरोनाजवळ विलोबी द’ओन्यार म्हणून गाव आहे तिथला, जिरोनाचा विमानतळ ज्या गावाच्या हद्दीत आहे ते गाव. वाढला एस्पान्योलच्या युथ टीममध्ये. आता एस्पान्योल म्हणजे काय ते लक्षात घे, बार्सिलोना शहरातला दुसरा क्लब, शहर सगळं बार्साच्या नावाने ओळखलं जातं आणि हे लोक तेव्हा माँजुइकच्या टेकडीवरच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये, मध्ये भलामोठा रनिंग ट्रॅक असलेल्या ग्राउंडवर खेळायचे. त्या टीमचा नंबर 9, म्हणजे मधला स्ट्रायकर, कोण, तर राउल तामुदो, क्लबच्या इतिहासातला सगळ्यात जास्त गोल करणारा माणूस. त्याच्या मागे आणि बाजूला लुइस गार्सिया. नंतर वॉल्टर पांडियानी आला, तो तर 2006-07 च्या यूएफा कपमध्ये, युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत, 11 गोल करून आख्ख्या स्पर्धेचा टॉप स्कोअरर झाला. म्हणजे मधली जागा भरलेली, आणि कोरोच्या वाट्याला काय, तर कधी साइडला, कधी तामुदोच्या मागे, आणि बरेचदा दुसऱ्या हाफमध्ये सब. वीस मिनिटं मिळाली की त्यातली दहा मॅचचा वेग पकडण्यात जातात, हे ज्याने बेंचवरून उतरून खेळलंय त्याला विचार.

आणि तरी बघ, मोठ्या वेळी हा माणूस हजर. 12 एप्रिल 2006, कोपा देल रे म्हणजे स्पेनच्या कपची फायनल, रियल माद्रिदच्या बर्नाबेउ स्टेडियममध्ये, एस्पान्योल 4 झारागोझा 1, त्या चारपैकी एक कोरोचा. बरोबर महिन्याने, 13 मे ला, तीच टीम लीगमधून खाली जायच्या काठावर. कप जिंकलेला क्लब आणि रेलिगेशनच्या दारात, असं फुटबॉलमध्येच होतं. शेवटचा दिवस, घरच्या ग्राउंडवर रियाल सोसिएदाद, 90 मिनिटं झाली तरी 0-0, आणि इंज्युरी टाइममध्ये कोरोने गोल मारला. एस्पान्योल वाचला, अलावेस खाली गेला. एस्पान्योलचे लोक आजपण ‘कोरोचा गोल’ एवढंच म्हणतात, कुठला ते सांगावं लागत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी यूएफा कपच्या सेमीफायनलमध्ये वेर्डर ब्रेमेनविरुद्ध गोल, एस्पान्योल ग्लासगोला फायनलमध्ये, तिथे सेव्हियाकडून पेनल्टीवर हार. त्या पूर्ण स्पर्धेत एस्पान्योल एकही मॅच खेळात हरला नव्हता, फक्त ते पेनल्टी.

तर अशा माणसाला ‘गोल न करता येणारा’ म्हणणं म्हणजे रोज भाजी चिरायला बसवलेल्याला आमटी करता येत नाही म्हणण्यासारखं आहे. त्याला चुलीपुढे उभाच कितीदा केला होता?

पुढची वर्षं पटकन सांगतो. लोनवर ओसासुना, मग 2011 ला घराजवळचा जिरोना, दुसरी डिव्हिजन. मग एल्चे, आणि एल्चेबरोबर 2012-13 मध्ये दुसरी डिव्हिजन जिंकून 24 वर्षांनी क्लब ला लीगामध्ये परत, ती टीम पहिल्या आठवड्यापासून शेवटच्यापर्यंत टेबलच्या टॉपला होती. मग मायोर्का, मग सायप्रसमधला दोक्सा नावाचा छोटा क्लब. सायप्रसपर्यंत आलेल्या 34 वर्षांच्या स्पॅनिश फॉरवर्डबद्दल सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं की आता एखादं वर्ष, मग कोचिंगचा कोर्स.

2017 ला सर्जिओ लोबेरा गोव्याचा कोच झाला. हा माणूस बार्सिलोनाच्या शाळेतला, तिथल्या कोच तितो विलानोवाच्या हाताखाली काम केलेला, मग लास पाल्मास, मग मोरोक्कोत तेतुआन. आणि त्याने कोरोला घेतलं ते मधल्या जागेसाठी. साइडला पळायला नाही, सब म्हणून नाही, तू मध्ये उभा राहा आणि आम्ही बॉल आणतो, अशा हिशोबाने.

हे ‘आम्ही बॉल आणतो’ जे आहे ना, तिथेच सगळी गंमत आहे. मला रसद हा शब्द आवडतो. किल्ला कितीही मजबूत असू दे, रसद तुटली की आठवड्यात पडतो, स्ट्रायकरचं तसंच. लोबेराची टीम कीपरपासून छोट्या पासने वर यायची, कधी कधी आमच्या छातीत धडकी भरायची इतकं स्वतःच्या बॉक्ससमोर खेळायचे, आणि त्यातून गोलपण खायचे. पण एकदा बॉल मधल्या लाइनच्या पुढे गेला की अहमद जाहू, एदू बेदिया, पहिल्या वर्षी लांझारोते, नंतर ह्युगो बूमूस, ब्रँडन फर्नांडिस, डाव्या बाजूने आपला मंदार राव देसाई, यांच्यातला कोणीतरी बॉल घेऊन बॉक्सच्या कडेला पोचलेला असायचाच. आणि तिथून वर उंच क्रॉस क्वचित, जास्त करून जमिनीवरून मागे काढलेला कट-बॅक. उंच क्रॉसवर कोरो काय करणार होता, दोन सेंटर बॅक त्याच्याहून उंच. कट-बॅकवर मात्र उंचीला किंमत नाही, तिथे कोण आधी हलतो एवढंच.

आणि तो कसा हलायचा ते सांगतो, कारण टीव्हीवर हे दिसत नाही, कॅमेरा बॉलबरोबर असतो. बॉल साइडला गेला की बहुतेक स्ट्रायकर गोलकडे धावत सुटतात. कोरो आधी थांबायचा. कधी दोन पावलं मागेच यायचा, गोलपासून लांब. डिफेंडर गोलकडे धावतोय, हा मागे, मध्ये एक मोकळी पट्टी तयार. मग विंगरने मान वर केली की नियर पोस्टकडे एक छोटा खोटा धक्का, अर्धं पाऊल, आणि उलट दिशेला. बॉल पोचायचा तेव्हा हा त्याच्यावर आधीच पोचलेला, आणि मग फिनिश एका टचमध्ये. दोन टच घेताना मी त्याला बॉक्समध्ये फार कमी बघितलं. जोरात मारतानापण कमी. बहुतेक गोल टॅप-इनसारखे दिसायचे आणि शेजारी बसलेले लोक म्हणायचे, अरे हा तर कोणीपण मारला असता. मारला असता हो, पण तिथे उभा कोण होता?

आता आठव 2017 चे ते दहा दिवस. 30 नोव्हेंबरला फातोर्ड्याला बेंगळुरू. त्यांचा कीपर गुरप्रीत पहिल्या हाफमध्येच रेड कार्ड घेऊन बाहेर, आपण 3-1 पुढे, आणि तरी दहा जणांच्या बेंगळुरूने 3-3 केलं. मग कोरोचा तिसरा, 4-3. तिथून 9 डिसेंबरला केरळा, हाफटाइमला 2-2, आणि दुसरा हाफ सुरू झाल्या झाल्या कोरोने 48, 51 आणि 55 व्या मिनिटाला तीन मारले. मी चहा आणायला गेलो होतो, परत येईपर्यंत दोन झाले होते, तिसरा कसाबसा मिळाला. सलग दोन मॅचमध्ये दोन हॅटट्रिक, वयाच्या 34 व्या वर्षी. त्या सीझनला 18 गोल, गोल्डन बूट, म्हणजे सगळ्यात जास्त गोलांचं बक्षीस. पुढच्या वर्षी 16, परत गोल्डन बूट, आणि लीगचा बेस्ट प्लेयरपण तोच. तिसऱ्या वर्षी 14, तेव्हा बूट एका गोलाने हुकला, पंधरावाले तीन जण होते. 18, 16, 14 हा उतार बघ, तो वयाचा आहे, आणि इतका हळू आहे की मला त्याचंच जास्त कौतुक वाटतं.

पण रसदीवाली गोष्ट मी नुसती गोड लागते म्हणून सांगत नाही, तिचा उलटा पुरावापण आहे. 17 मार्च 2019, फायनल, अंधेरीच्या स्टेडियममध्ये, परत बेंगळुरू. आम्ही पाच जण रात्रीच्या गाडीने मुंबईला आलो होतो. बेंगळुरूने त्या दिवशी कोरोच्या मागे कोणी खास माणूस वगैरे लावला नव्हता, त्यांनी बॉल त्याच्यापर्यंत यायच्या वाटाच बंद केल्या, जाहू आणि बेदियाला वळून पुढे बघायला वेळ दिला नाही. लीगचा टॉप स्कोअरर आख्खी मॅच फिरतोय आणि हाती काही नाही. एक्स्ट्रा टाइममध्ये जाहूला रेड कार्ड, उरलीसुरली रसद पण गेली, आणि 117 व्या मिनिटाला कॉर्नरवरून राहुल भेकेचं हेडर, 0-1. आपल्या मुंबईच्या पोराने मुंबईत मारला म्हणून चांगलं वाटावं की गोवा हरलं म्हणून वाईट, हे मला परतीच्या गाडीत कुडाळ येईपर्यंत ठरवता आलं नाही. पण सांगायचा मुद्दा, महिन्याभराने भुवनेश्वरला सुपर कपच्या फायनलमध्ये चेन्नईयनविरुद्ध वाटा उघड्या होत्या तर पहिला गोल कोरोचाच, 2-1 ने कप गोव्याला. माणूस तोच, पाय तेच.

आणि 2019-20 ला गोव्याने लीगच्या 18 मॅचमध्ये 46 गोल केले. एवढे गोल जी टीम करते तिच्या मधल्या माणसाला 14 मिळणं यात जादू नाही. लोबेराला तर सीझन संपायच्या आधीच जानेवारीच्या शेवटी काढलं, क्लिफर्ड मिरांडाने टीम सांभाळली, आणि तरी लीगची शील्ड, म्हणजे टेबलमध्ये पहिल्या आलेल्या टीमचं बक्षीस, आलीच, एशियन चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये जाणारा पहिला भारतीय क्लब. म्हणजे तोपर्यंत ती सवय टीमच्या अंगात मुरलेली होती, कोच गेला तरी बॉल त्याच वाटेने यायचा.

तर तुझ्या पहिल्या प्रश्नाचं इथपर्यंतचं उत्तर असं की स्पेनवाले आंधळे नव्हते, त्यांच्याकडे त्या जागेवर त्याच्याहून चांगले लोक होते. आयएसएल सोपी होती, पण सगळ्यांना नाही. आणि कोरो गोव्यात येऊन बदलला नाही, त्याची जागा बदलली. फार तर म्हणेन की साइडला आणि सब म्हणून घालवलेल्या वर्षांत जे शिकला ते मध्ये आल्यावर कामाला आलं. हे शेवटचं मी अंदाजाने नाही म्हणत, कारण विंगर मान कधी वर करतो, कधी पास देण्याच्या स्थितीत असतो आणि कधी नुसता स्वतःला वाचवत असतो, हे ज्याने विंगला काढलंय त्यालाच पोटातून कळतं. कोरोची धाव कधीच अर्धा सेकंद लवकर नसायची. विंगरच्या अडचणी त्याला पाठ होत्या.

आता तुझ्याकडे येतो.

तुझ्या कोचने तुला विंगला का टाकलं हे मला माहीत नाही, आणि ते माहीत नसताना ‘कोच चुकतोय’ असं लिहिणाऱ्या लोकांचं तू फार मनावर घेऊ नकोस. तीन-चार कारणं असू शकतात. टीममध्ये तुझ्याहून चांगला नंबर 9 असेल. किंवा विंगला पळणारा दुसरा कोणी नसेल. किंवा तुला मध्ये पाठ गोलकडे करून बॉल धरता येत नसेल. किंवा, हेपण होतं, कोचला तू पुढे जाऊन विंगरच होशील असं वाटत असेल. यातलं कुठलं आहे त्यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते कळायला एकच मार्ग, जाऊन विचार. ‘मला परत मध्ये खेळवा’ असं नाही, तर ‘सर, मध्ये खेळताना माझं काय कमी पडतं’ असं. पहिल्या प्रश्नाने कोच बचावात जातो, दुसऱ्याने बोलायला लागतो. मी स्वतः कोच आहे, मला माहीतंय.

माझीच एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पोरगा होता, अंडर-17 चा, वेग जबरदस्त, म्हणून मी त्याला विंगला टाकला, आणि गोल कमी झाले की ओरडायचो. दोन सीझन असं चाललं. मग एका मॅचला आमचा नंबर 9 आजारी, नाइलाजाने याला मध्ये खेळवला, दोन गोल. पुढच्या मॅचला परत एक. तेव्हा कुठे मी वही काढून मागच्या मॅच आठवून लिहायला बसलो की याला बॉल मिळायचा कुठे, तर बॉक्सपासून तीस-पस्तीस यार्डांवर, टचलाइनला पाय लावून, समोर दोन माणसं. तिथून गोल करायचा म्हणजे आधी दोघांना काढायचं, मग वीस यार्ड पळायचं, मग मारायचं. आणि मी त्याला विचारत होतो गोल का होत नाहीत! तेव्हापासून मी पोरांचे गोल मोजायचे बंद केले, म्हणजे मोजतो, पण आधी एक दुसरी गोष्ट मोजतो, मॅचमध्ये बॉक्सच्या आत बॉलला किती वेळा पाय लागला. तुझी ती संख्या किती आहे? शून्य ते दोन असेल तर गोल नसण्यात तुझ्या फिनिशिंगचा काही संबंध नाही, तू तिथे पोचतच नाहीयेस. सात-आठ असेल आणि तरी गोल नसतील तर मग फिनिशिंगवर बोलू.

विंगला राहूनच ती संख्या वाढवता येते, आणि ट्रायलच्या दृष्टीने हेच तुझ्या हातात आहे. बॉल डावीकडे असताना राइट विंगरची जागा टचलाइनला नाही, फार पोस्टवर, म्हणजे बॉलपासून लांबच्या खांबाजवळ, आहे. अर्ध्याहून जास्त पोरं तिकडे बॉल गेला की इकडे कमरेवर हात ठेवून बघत बसतात, दम खातात. तू त्या वेळी दहा पावलं आत ये, समोरच्या टीमच्या लेफ्ट बॅकच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाहीस अशा बाजूला. कोरो जे करायचा तेच, आधी थांबायचं, मग निघायचं. दहातले आठ वेळा बॉल येणार नाही आणि तुला परत मागे धावावं लागेल, तेव्हा शिव्या घालशील मला, घाल. उरलेल्या दोन वेळा मात्र समोर मोकळा गोल असतो.

प्रॅक्टिसला एक गोष्ट कर. मित्राला साइडला उभं कर, कट-बॅक द्यायला लाव, आणि बॉक्समध्ये एका टचमध्येच मारायचं, दुसरा टच घेतला तर गोल धरायचा नाही. जोर लावायचा नाही, फक्त दिशा. डावा पाय आणि उजवा, दोन्ही. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं पुरे. त्याहून जास्त केलंस तर मांडी धरेल आणि ट्रायलला लंगडत जाशील.

वयाची जी भीती तू मध्येच टाकलीयेस, की 21 पर्यंत नाही झालं तर संपलं, तिथे मी जपून बोलेन. आपल्याकडे पैसा, घर, नोकरी या गोष्टी असतात आणि ‘थांब, होईल’ असं सांगणं सोपं असतं, घर चालवणाऱ्याला विचार. पण निव्वळ फुटबॉलचं विचारत असशील तर स्ट्रायकरचं घड्याळ सगळ्यांचं सारखं चालत नाही. त्याच स्पेनमधला फर्नांडो तोरेस बघ, 24 व्या वर्षी लिव्हरपूलच्या पहिल्याच सीझनला लीगमध्ये 24 गोल, त्याच उन्हाळ्यात युरो 2008 च्या फायनलमधला एकमेव गोल त्याचा, आणि मग दुखापती, चेल्सीला गेल्यावर तो वेग परत दिसला नाही. त्याचा सगळा खेळ वेगावर आणि पहिल्या पाच यार्डांवर होता, गुडघ्याने साथ सोडली की तो खेळ गेला. दुसरीकडे आरित्झ आदुरिझ, बास्क माणूस, अथलेटिक बिल्बाओने त्याला आधी दोनदा जाऊ दिलेला, आणि तिसऱ्यांदा परत आल्यावर तिशी ओलांडून सगळ्यात भारी वर्षं काढली. 2015-16 ला सगळ्या स्पर्धा मिळून 36 गोल, वय 35. स्पेनकडून सगळ्यात जास्त वयात गोल करणारा तोच. 38 व्या वर्षी ऑगस्ट 2019 मध्ये बार्सिलोनाविरुद्ध बेंचवरून उतरून शेवटच्या मिनिटाला ओव्हरहेड किक मारून मॅच जिंकून दिली. आदुरिझ आणि कोरो दोघांचा खेळ दिसायला अगदी वेगळा, एक हवेतला बादशहा, दुसरा जमिनीवरचा, पण दोघांचाही वेगावर टेकलेला नव्हता म्हणून टिकला. तुझा कशावर टेकलाय ते तुझं तूच बघ. नुसताच वेग असेल तर आत्तापासून दुसरं काहीतरी कमवायला लाग, 19 हे त्यासाठी बरोबर वय आहे.

ट्रायलच्या फॉर्मवर पोझिशनसमोर काय लिहू असं विचारलंयस. दोन्ही लिही, ‘राइट विंग / स्ट्रायकर’, या क्रमाने. पुष्कळ ट्रायलमध्ये एका गटात स्ट्रायकर लिहिणारे पंधरा आणि विंगर लिहिणारे चार असतात, मध्ये उभं राहायला मिळतं दहा मिनिटं, त्यात बॉल आला तर आला. विंगला तुला निदान बॉल मिळेल, आणि फार पोस्टवर आत येणारा विंगर सिलेक्टरच्या लगेच डोळ्यात भरतो कारण तसं करणारे कमी असतात. एकदा आत शिरलास की जागा बदलता येते.

आणि व्हिडिओ टाकतो म्हणालास तर टाक, मी बघेन. पण गोलांचे क्लिप जोडून, मागे गाणं लावून टाकू नकोस, त्यातून मला काही कळत नाही. एक पूर्ण हाफ टाक, शक्य असेल तर कोणाला तरी मोबाइल फक्त तुझ्यावर धरायला सांग, बॉल दिसला नाही तरी चालेल. आणि तुझ्या मते ज्या मॅचमध्ये तू सगळ्यात वाईट खेळलास ती पाठव.